माझं वजन ९४ किलो आहे. साडेतीन वर्षांच्या ‘कॉब’ घोड्यावर बसलो तर त्याला जड होईल का?

हो दादा, जड होईल. आज तर होईलच, आणि तो पूर्ण वाढल्यावरही बहुतेक होईल. घोडा नुकताच घरी आलाय, सगळं घर आनंदात असणार, त्यामुळे हे ऐकायला बरं वाटणार नाही. पण आत्ताच स्पष्ट सांगितलं तर त्याची पाठ वाचेल.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीकडच्या शेतावर ठेवायला तुम्ही घोडा घेतलाय. उंची ५८ इंच, छातीचा घेर ६६ इंच, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी ५६ इंच. पाय आखूड, अंग भरलेलं. विकणारा म्हणाला, ‘कॉब आहे, शंभर किलोचा माणूस आरामात वाहतो.’ वर्षभरात दहा किलो उतरवायचं तुम्ही ठरवलंय, आणि चौदा वर्षांच्या पुतण्यालाही बसायचंय. मी कामठीकडे घोडे सांभाळतो, कोवळे घोडे सवारीला तयार करायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘कॉब’चं बघू. कॉब हा ब्रिटन-आयर्लंडकडचा प्रकार आहे: ठेंगणा, रुंद छातीचा, जाड हाडाचा, शांत स्वभावाचा घोडा. वेल्श कॉबसारख्या काही नोंदलेल्या जाती आहेत, बाकी कॉब म्हणजे अंगकाठीचं वर्णन. तिथल्या प्रदर्शनांत कॉबचे वर्ग तो किती वजन वाहू शकेल यावरूनही पडतात. हलक्या वर्गाच्या कॉबने १४ स्टोनपर्यंत, म्हणजे सुमारे ८९ किलोपर्यंतचा स्वार पेलावा आणि त्याच्या पुढच्या पायाच्या नळीचा घेर गुडघ्याखाली निदान साडेआठ इंच असावा, अशी अपेक्षा असते. त्याहून जड स्वारासाठी नऊ इंच. तुमच्या घोड्याच्या गुडघ्याच्या थोडं खाली टेप गुंडाळा आणि आकडा बघा. आपल्याकडे बाजारात ‘कॉब’ म्हणून दाखवतात ते बहुतेक मारवाडी किंवा काठेवाडी रक्ताचे, चांगले खाऊन-पिऊन गोल झालेले घोडे असतात. अंग रुंद, पण नळी बारीक. रुंदी चरबीची असेल तर तिचा वजन पेलायला काही उपयोग नाही. ती चरबीही त्यालाच वाहावी लागते. बरगड्यांवरून तळहात फिरवा. थोडं दाबल्यावर बरगडी लागली तर ठीक, बोटं रुतूनही लागत नसेल तर घोडा जाड झालाय.

आता वजनाचा हिशोब. मोठ्या घोड्याचं वजन टेपवरून काढायची रीत अशी: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं आणि ११,८७७ ने भागायचं. तुमच्या मापांनी घेर १६८, लांबी १४२, म्हणजे वजन साधारण ३३७ किलो. कोवळ्या घोड्यात यात थोडा फरक पडतो, म्हणून खात्री हवी असेल तर धरमकाट्यावर न्या. कळमना बाजाराकडे, हिंगण्याच्या एमआयडीसीत काटे आहेत. टेम्पो घोड्यासकट एकदा आणि रिकामा एकदा तोलायचा.

स्वार, खोगीर, बूट, हेल्मेट सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, हा जुना दंडक आहे. अमेरिकी घोडदळाच्या १९२० च्या पुस्तिकेत तो होता. २००८ मध्ये ओहायोत आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून तपासणी झाली, तेव्हा २५ आणि ३० टक्क्यांना नाडी जास्त चढली आणि पाठीचे स्नायू जास्त दुखावले. तुमचे ९४ आणि सामानाचे दहा, म्हणजे १०४ किलो. ३३७ किलोच्या घोड्यावर हे जवळजवळ ३१ टक्के झाले. दहा किलो उतरवलेत तरी २८. उद्या तो सहा वर्षांचा होऊन चारशे किलोचा झाला, तरी त्याच्या पाठीवर सामानासकट ८० किलोच बसतात, म्हणजे स्वार सत्तरचा. आज तुम्हाला न्यायला सव्वापाचशे किलोचं जनावर लागेल. खऱ्या भारी कॉबचं तेवढं वजन असतं, आपल्याकडे असा घोडा क्वचितच मिळतो.

हे सगळे आकडे पूर्ण वाढलेल्या, तयार घोड्याचे आहेत. तुमचा तसा नाही, आणि माझ्या मते खरा नकार वजनापेक्षा वयातून येतो.

घोड्याच्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पट्टे असतात, तिथून हाड वाढतं. हे पट्टे साधारण खालून वर असे बंद होत जातात. खुराजवळचे पहिल्या वर्षाच्या आसपास, गुडघ्याच्या वरचा दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला, खांदा आणि पुठ्ठ्याकडचे तीन-चार वर्षांपर्यंत. सगळ्यात शेवटी पाठीच्या मणक्यांचे, साडेपाच-सहा वर्षांपर्यंत. म्हणजे आपण जिथे खोगीर ठेवतो तोच भाग सगळ्यात उशिरा पिकतो. ठेंगणा, जाडजूड घोडा लवकर तयार होतो अशी समजूत आहे. अंगाने तो लवकर भरतो, पण मणके त्यांच्याच वेळेने भरतात. दुडकीत स्वार खोगिरावर बसून राहिला तर प्रत्येक पावलाला पाठीवर येणारा जोर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतो. तुमच्या बाबतीत तो दोनशे किलोच्या वर गेला, आणि तोही न पिकलेल्या मणक्यांवर.

विकणाऱ्याच्या तोंडच्या वयावरही जाऊ नका, दात बघा. खालच्या जबड्यात पुढे सहा दात असतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमाराला बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचला तोंड जुळतं. दुधाचा दात लहान, पांढरा, हिरडीजवळ मानेसारखा आवळलेला असतो. पक्का दात रुंद, पिवळसर, उभ्या रेघांचा. मधले चार पक्के आणि कडेचे दोन दुधाचे असतील तर साडेतीन-चार खरं. चारपैकी बाहेरचे दोन नुकतेच हिरडीतून वर येत असतील तर तो जेमतेम साडेतीनचा. आणि पक्के दोनच दिसले तर तुम्हाला तीन वर्षांचं पोर विकलंय.

खोगिराची अडचण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या आतच संपला पाहिजे. त्यामागे कंबर, तिला खालून बरगड्यांचा आधार नाही. तुमच्यासारख्या मोठ्या अंगाच्या माणसाला १८ इंची बैठक लागते, आणि ५८ इंची आखूड पाठीच्या घोड्यावर ते खोगीर मागे कमरेवर येतं. लहान खोगीर घेतलंत तर तुम्ही त्याच्या मागच्या काठावर बसाल आणि सगळा जोर तिथेच पडेल. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या संशोधकांनी २०१८ च्या सुमाराला सहा प्रौढ घोड्यांवर चार वेगवेगळ्या वजनाचे, पण सारख्याच कसबाचे स्वार बसवून बघितले. त्यातला ‘जड’ स्वार ९१ किलोचा होता. घोडे तुमच्या घोड्यापेक्षा बरेच मोठे, तरी त्याच्या आणि त्याहून जड स्वाराच्या सगळ्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, बहुतेक घोडे लंगडू लागले म्हणून. तो लंगडेपणा नंतर गेला. खोगीर स्वाराच्या मापाचं नसणं हे त्यातलं एक कारण मानलं गेलं. सहा घोड्यांवरून अखेरचा निकाल लावता येत नाही हे खरं, पण तुमच्या वजनाचा माणूस कोवळ्या घोड्यावर बसवायचं धाडस मी तरी करणार नाही.

यावर दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, ‘वरातीत तर शंभर किलोचे नवरदेव बसतात.’ बसतात, आणि समोर पोरालाही बसवतात, आणि घोडा दीड-दोन तास डीजेसमोर डांबरी रस्त्यावर उभा असतो. त्या घोड्यांच्या सजावटीखालची पाठ एकदा दिवसा बघा: खचलेली कंबर, खोगिराखाली पांढरे केस आलेले, जुन्या जखमांच्या जागा. घोडा पडत नाही म्हणजे त्याला झेपतंय, असा अर्थ कृपा करून काढू नका. घोडा दुखणं लपवतो, कळपातल्या जनावराचा तो स्वभावच आहे. दुसरा प्रश्न, ‘रेसचे घोडे दोन वर्षांचे असताना पळतात.’ तिथे जॉकी पन्नास-साठ किलोचा असतो, रिकिबीत उभा राहून स्वार होतो आणि शर्यत काही मिनिटांत संपते. वाढत्या हाडाला हालचाल हवी असते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. पण हालचाल वेगळी आणि पाठीवरचं ओझं वेगळं.

हालचाल द्यायची, तर आत्ता रोज त्याला हाताने चालवा. रस्त्याची, ट्रॅक्टरची, कुत्र्यांची सवय होऊ द्या. नंतर लांब लगामांवर, तुम्ही मागे चालत. तोंड, वळणं, थांबणं, सगळं पाठीवर न बसता शिकवता येतं. जमिनीवर बांबू टाकून त्यावरून चालवा, पाठ उचलायला शिकतो. दोरीवर गोल फिरवणं मात्र दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, सारखं वर्तुळात फिरून सांध्यांवर तिरका ताण येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत काम संपवा आणि पाण्याबरोबर मीठ मिळू द्या. पावसाळ्यात शेतातल्या काळ्या मातीत पळवू नका. ती माती पाय धरून ठेवते, कोवळ्या पायाची नस ओढली गेली तर महिनोन्‌महिने जातात. बांधावरून किंवा मुरमाच्या वाटेने न्या.

खाण्याकडे लक्ष द्या, कारण हाड तिथूनच बनतं. हरभरा, गव्हाचा चोकर आणि कुटार यावर घोडा चमकतो, पण चोकरात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम अगदी कमी. सतत चोकर खाणाऱ्या वाढत्या घोड्याच्या हाडातलं कॅल्शियम निघून जातं, चेहऱ्याचं हाडही सुजू शकतं. चोकर कमी करा, लसूणघास सुरू करा, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला एकदा दाखवा. पाय, पाठ, दात बघून घ्या आणि खाण्याचं प्रमाण ठरवून घ्या.

तोंड जुळायला आलं की पन्नास-पंचावन्न किलोचा, मांड पक्की असलेला स्वार शोधा. ओट्यावरून चढायचं, जमिनीवरून रिकिबीला लटकून नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटं, सरळ वाटेने, चालीतच. उतरल्यावर खोगिराखालचा घाम बघा. सगळीकडे सारखा ओला हवा. ओल्यात मधेच कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मागे जा. कातडी थरथरली, पाठ खाली गेली, कान मागे पडले तर ती दुखतेय. जबड्याच्या खालच्या कडेला नाडी लागते. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते, कामानंतर पंधरा मिनिटांत साठच्या खाली आली पाहिजे.

पुतण्याचं वजन चालेल, पण चौदा वर्षांचा नवशिका आणि नवशिका घोडा ही जोडी नको. त्याला आधी एखाद्या जुन्या, शांत घोड्यावर शिकू द्या. तोवर खरारा करणं, चालवणं, खुरं साफ करणं त्याच्याकडे द्या, दोघांची ओळख त्यातच पक्की होईल.

आणि तुम्ही? तुम्हाला या घोड्याबरोबर फिरायचं असेल तर एक चांगला मार्ग आहे: तो पाच वर्षांचा झाल्यावर त्याला हलक्या दुचाकी गाडीला जुंपायला शिकवा. वजन चाकं पेलतात, त्याला फक्त ओढायचं असतं, आणि सपाट डांबरी रस्त्यावर, हवा भरलेल्या चाकांवर ९४ किलो त्याला जड नाहीत. कॉब ब्रिटनमध्ये गाडीलाही पिढ्यान्‌पिढ्या जुंपला गेलाय, ठेंगण्या जाड बांध्याला ते काम शोभतं. गाडीचा तोल असा हवा की दांड्यांचा भार पाठीवर पडणार नाही, आणि साज त्याच्या मापाचा हवा. लांब लगामांवरचं आत्ताचं सगळं शिक्षण तिथे जसंच्या तसं कामाला येईल. सवारीची हौस असेल तर एखाद्या मोठ्या, तयार थरोब्रेडवर (शर्यतीच्या जातीच्या घोड्यावर) शिका, पण तोही पावणेपाचशे किलोच्या आसपासचा असला तरच, आणि ते दहा किलो उतरवल्यावर.

तोवर खालच्या ओठाला बाजूला करून पुढच्या सहा दातांचा फोटो उजेडात काढा आणि इथे टाका, सोबत नळीचं माप. बघून वय सांगतो.