विमानतळावरून पणजीला: मोपा, दाबोळी आणि कदंबची बस

प्रश्न : आई-बाबा दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. मंगेश आमचं कुलदैवत. दर्शनासाठी ते पुण्याहून विमानाने गोव्याला येणार आहेत. एक रात्र पणजीत राहून दुसऱ्या दिवशी मंगेशी आणि म्हार्दोळ करायचं, असा बेत आहे. मोपाचं तिकीट स्वस्त मिळतंय, दाबोळीचं थोडं महाग आहे. पणजीला पोचायला कुठला विमानतळ सोयीचा? आईचे गुडघे दुखतात. बाबा मात्र म्हणतात, टॅक्सी कशाला, बसने जाऊ.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बाबांचं म्हणणं मला मनापासून आवडलं. माझी नोकरी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, पणजी स्थानकावर, तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. बॅगा ओढत, घामाघूम होऊन आलेली माणसं त्या खिडकीपाशी मी रोज पाहिली. गोव्यात उतरलं की टॅक्सीशिवाय गत नाही, असं त्यांना कुणीतरी ठासून सांगितलेलं असायचं. ते खरं नाही. तरीही तुमच्या आईसाठी मी या वेळी टॅक्सीच सुचवणार आहे. का, ते सांगते.

आधी विमानतळाचं बघू. दाबोळी वास्कोजवळ आहे. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. तिथून पणजी सुमारे ३५ किलोमीटर. म्हणजे निव्वळ पणजी गाठायची तर दोन्हींत फार फरक नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं सुरू झाली, तेव्हापासून लोक मला विचारतात की पणजीला जवळचा विमानतळ कुठला. मी उलट विचारते, पणजीनंतर कुठे जाणार? तुम्हालाही माझा हाच प्रश्न आहे.

मंगेशी फोंडा तालुक्यात आहे. दाबोळीहून कुठ्ठाळी, मग बोरीचा पूल, की फोंडा आलं. पणजीला यायची गरजच नाही. मोपाहून मात्र म्हापसा, पर्वरी, पणजी, जुनं गोवं, बाणस्तारी असा सगळा उत्तर गोवा ओलांडून मंगेशीला यावं लागतं. तेव्हा दर्शन हाच मुख्य हेतू असेल, तर दाबोळीचं थोडं महाग तिकीट काढा आणि विमानतळावरून टॅक्सीने थेट मंगेशीला जा. देवस्थानाच्या अग्रशाळेत भक्तांसाठी खोल्या असतात. देवस्थानाला आधी फोन करून खोली ठरवून ठेवा. म्हणजे संध्याकाळची आरती निवांत मिळेल आणि पहाटे आईला गाडीत बसून धावपळ करावी लागणार नाही. म्हार्दोळची म्हाळसा तिथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी दुपारून पणजीला आलात तरी चालेल. पणजी पळून जात नाही.

आता बाबांची बस. मंगेशीहून पणजीला येताना बाबांची हौस नक्की पुरवा. फोंडा-पणजी मार्गावर बस सतत असतात आणि त्या मंगेशी-म्हार्दोळवरूनच जातात. चढताना घाई नको, मागून दुसरी येतेच. सकाळी ऑफिसच्या वेळी मात्र उभं राहावं लागतं, ती वेळ टाळा. पणजीच्या कदंब स्थानकावर उतरलं की शहर समोरच आहे. पाटोचा पूल ओलांडला की चर्चपर्यंत धडधाकट माणूस चालत जातो. आईंसाठी स्थानकाच्या बाहेर रिक्षा मिळेल. बसण्याआधी भाडं विचारून घ्या.

तरीही मोपाचंच तिकीट काढलंत, तर तिथूनही कदंबच्या इलेक्ट्रिक बस म्हापसा आणि पणजीच्या दिशेला सुटतात. गाडी वातानुकूलित, भाडं टॅक्सीच्या मानाने अगदी थोडं. पुढची बस किती वाजता आहे ते बाहेर पडतानाच विचारा. तासभर थांबावं लागणार असेल आणि बरोबर वयस्क माणूस असेल, तर थांबू नका. वाचलेले पैसे आईच्या गुडघ्यांतून वसूल होतात, आणि ते मला पटत नाही. टर्मिनलमधल्या काउंटरवरून टॅक्सी घ्या, पावती हातात घ्या, मगच बाहेर पडा. ओला आणि उबर गोव्यात चालत नाहीत. फोनमध्ये ते ॲप उघडून गाडी शोधत उभे राहिलेले पाहुणे अजूनही दिसतात. गोवा माइल्स हे इथलं ॲप २०१८ पासून आहे, ते निघण्यापूर्वी घरीच फोनमध्ये घालून घ्या.

वाटेचंही सांगून ठेवते. मोपाहून महामार्गापर्यंत आता उन्नत जोडरस्ता झाला आहे, तो भाग झरकन संपतो. अडकायला होतं ते पर्वरीत. तिथे उड्डाणपुलाचं काम चालू आहे तोवर संध्याकाळी कितीही वेळ जाऊ शकतो. येताना त्याचं एवढं काही नाही, पण परतीच्या विमानाला मात्र हातात भरपूर वेळ ठेवा. दाबोळीच्या रस्त्यावर हीच चिंता पूर्वी कुठ्ठाळीला असायची. झुआरीच्या जुन्या पुलावर वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकायची आणि विमान चुकलेली माणसं रडकुंडीला येऊन माझ्या खिडकीशी परत यायची. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पुलाच्या पहिल्या मार्गिका खुल्या झाल्या, वर्षभराने उरलेल्या. आता पूल ओलांडताना बाबांना खिडकीची जागा द्या, झुआरीचं पात्र वरून फार सुंदर दिसतं.

तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. दोन्ही ठिकाणी ‘गोवा’ लिहिलेलं असतं. दाबोळीचं चिन्ह जीओआय, मोपाचं जीओएक्स. येताना एक आणि जाताना दुसरा असंही तिकीट निघतं, आणि मग माणूस परतीच्या दिवशी भलत्याच टोकाला जाऊन उभा राहतो. दोन विमानतळांच्या मध्ये झुआरी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या आहेत. ऐन वेळी चूक निस्तरता येत नाही.

प्रश्न : मी एकटी मुलगी, पणजीत नोकरीची मुलाखत आहे. विमान मोपाला रात्री साडेअकराला उतरतं. सकाळी दहाला मुलाखत. रात्री शहरात कशी पोचू? पैसे बेताचेच आहेत.
– वाचक, नांदेड

उत्तर : बाळे, सगळ्यात आधी दुपारच्या विमानाचं तिकीट मिळतं का ते बघ. फरक चार-पाचशेचा असेल तर तो दे. दुपारी उतरलीस तर बसने येशील आणि तेवढे पैसे तिथेच सुटतील. शिवाय रात्रभर झोप होईल, आणि मुलाखतीला तीच कामाला येते.

रात्रीचंच यावं लागलं तर टॅक्सी टर्मिनलच्या आतल्या काउंटरवरच ठरव. बाहेर येऊन कुणी स्वस्तात सोडतो म्हणालं, तर त्याच्याबरोबर जाऊ नकोस, त्याच्या गाडीत आधीच दुसरे प्रवासी बसलेले असले तरीही. पावतीचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढून घरी पाठव, आणि गाडीत बसल्यावर घरी फोन लावून ड्रायव्हरला ऐकू येईल असं सांग, की निघाले आहे, इतक्या वाजता पोचते. इथले ड्रायव्हर बहुतेक सरळ असतात, तरी हे करच. पिवळ्या-काळ्या मोटारसायकल टॅक्सीवाले, ज्यांना इथे पायलट म्हणतात, ते दिवसा शहरात फिरायला उत्तम, मी स्वतः त्यांच्या मागे बसून बाजारात जाते. पण रात्री, बॅग घेऊन, इतक्या लांब नको.

राहायला फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीतली खोली बघत असशील तर एक गोष्ट आधी फोनवर पक्की कर. तिथली बरीच गेस्टहाऊस जुन्या घरांत आहेत. मध्यरात्री दार उघडायला माणूस असेल का, हे विचार. गल्ल्याही अरुंद आहेत, गाडी दारापर्यंत जाईलच असं नाही. त्यापेक्षा मोठ्या रस्त्यावरचं, रात्री काउंटरवर माणूस असलेलं साधं लॉज बरं. अठरा जून रस्त्याच्या बाजूला बघ. सकाळी शहरातल्या बहुतेक ऑफिसांत चालत जाता येईल.

आणि मुलाखत झाल्यावर मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाक. मला कळायला हवं.

प्रश्न : नकाशात दाबोळी विमानतळाच्या अगदी जवळ रेल्वे स्टेशन दिसतं. तिथून रेल्वेने पणजीला जाता येईल का?
– वाचक, लातूर

उत्तर : नाही. पणजीत रेल्वे स्टेशनच नाही. दाबोळीचं स्टेशन वास्को-मडगाव मार्गावर आहे आणि तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. पणजीला सर्वांत जवळचं स्टेशन करमळी, जुन्या गोव्याशेजारी. ते कोकण रेल्वेवर आहे, आणि विमानातून उतरून तिथे जायचं म्हणजे उगाच वळसा.

सामान कमी असेल आणि घाई नसेल, तर दाबोळीहून एक चांगला, स्वस्त मार्ग आहे. विमानतळाबाहेर मुख्य रस्त्यावर या आणि वास्कोकडे जाणारी कुठलीही बस पकडा. वास्को चारच किलोमीटरवर आहे. तिथल्या कदंब स्थानकावरून पणजीची शटल सुटते, मध्ये कुठेही थांबत नाही. तिकीट बसमध्ये नाही, खाली खिडकीवर काढायचं आणि रांगेत उभं राहायचं. रांग मोठी दिसली तरी घाबरू नका, ती भराभर पुढे सरकते. मुख्य रस्त्यावर उभं राहून शटलला हात दाखवू नका, ती भरलेली असते आणि थांबत नाही. सुटे पैसे जवळ असू द्या. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला त्याचा केवढा आधार असतो, हे मी अनुभवाने सांगते.