एकटं वाटणं, एकटं पडणं आणि 'करमत नाही'

नाशिकरोडच्या एका वाचकांनी आपल्या नव्या कथेतली तीन वाक्यं पाठवली आहेत. कथेतले अण्णा प्रेसमधून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. वाक्यं अशी: 'अण्णा एकाकी होते.' 'रात्रीचा एकांत त्यांना खायला उठे.' 'अण्णांना फार एकटा वाटे.' ही बरोबर आहेत का, आणि एकटेपणा नि एकाकीपणा एकच का, असा प्रश्न आहे.

आधी तिसरं वाक्य, कारण तिथे सरळ व्याकरणाची चूक आहे. 'अण्णांना' म्हटलं की 'एकटं वाटे' असंच हवं. ज्याला वाटतं तो पुरुष असो की बाई, इथे नपुंसकलिंगच येतं: 'मला एकटं वाटतं' असं बाईही म्हणते. 'मला ती एकटी वाटते' म्हटलं तर एकटी दुसरीच कोणी, आणि मी फक्त बघणारी. 'अण्णा एकटे वाटत' हेही व्याकरणात बसतं, पण मग ती शेजाऱ्याची नजर झाली. कथा कोणाच्या डोळ्यांनी सांगायची, हे इथे एका 'ना'ने ठरतं.

आता 'एकाकी'. हा संस्कृत शब्द, आणि पाणिनीने त्याच्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे: 'एकादाकिनिच्चासहाये' (अष्टाध्यायी ५.३.५२). 'असहाय' या अर्थी 'एक'ला प्रत्यय लागून 'एकाकिन्' होतो. इथे असहाय म्हणजे सोबती नसलेला. म्हणजे सोबतीची उणीव शब्दाच्या जन्मातच आहे. 'एकटा' तसा नाही. तो मुळात मोजणीचा शब्द आहे. 'एकट्याने पोतं उचललं' यात दुःख नाही, उलट कौतुक आहे. 'एकाकीने पोतं उचललं' असं कोणी म्हणत नाही. म्हणून दोन्ही शब्द एक नव्हेत.

पण 'एकटा'ला दुःख येतं ते क्रियापदातून, आणि कथाकाराने सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यावं. अण्णा एकटे असतात, ही नुसती माहिती. एकटे राहतात, यात घर आलं, कदाचित त्यांची निवडही. एकटे पडतात, म्हणजे काहीतरी घडलं, पण दोष कोणाचा ते सांगितलं नाही. एकटे पाडले जातात, म्हणजे पाडणारे कोणीतरी आहेत. मुलगा पुण्याला गेला, एवढ्यावर 'पडले' पुरे. 'पाडले' लिहाल तर भांडण दाखवावं लागेल. 'एकलकोंडा' मात्र इथे टाळा. तो स्वभावावरचा शेरा आहे, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यानेच मारलेला.

दुसऱ्या वाक्यात गफलत वेगळी. मराठीत एकांत सहसा माणूस शोधतो, त्याला तो मिळतो, मानवतो. तुकोबांनी 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' म्हटलं ते याच अर्थाने. (तोच 'वास' समासात शिरून 'एकांतवास' झाला की आज तो शिक्षेसारखा ऐकू येतो, हे मला फार विलक्षण वाटतं.) खायला उठतं ते घर. 'रात्री घर खायला उठे' एवढंच लिहा, वाक्य जागेवर बसेल.

राहता राहिलं पहिलं वाक्य. ते चूक नाही, पण निवेदकाने अण्णांच्या डोक्यावरून वाचकाला दिलेलं आहे. अण्णा स्वतः 'मी एकाकी आहे' म्हणणार नाहीत. ते म्हणतील, 'करमत नाही.' करमणं म्हणजे वेळ बरा जाणं. 'करमणूक' त्यातूनच आली. म्हणजे हा माणूस मन उघडं करत नाही, फक्त वेळेची तक्रार करतो. सासरी आलेल्या मुलीला 'करमतंय का?' विचारतात, तिथेही मनाचं दुःख वेळेच्या आडून विचारलेलं असतं. वास्तववादी कथेला असा आडपडद्याचा शब्द फार उपयोगी पडतो.

दुसरा तसाच शब्द 'एकट्यापुरतं'. 'एकट्यापुरती भाजी काय करायची!' असं अण्णा म्हणाले, की त्यात नसलेली बायकोही येते. त्यांना बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, न्या. पूर्वी अर्धा किलो वांगी घेणारा माणूस पावशेर मागतो, आणि भाजीवाली सवयीने अर्ध्या किलोचं माप टाकते. तिथे 'एकाकी' लिहू नका. एकटेपणाचा उल्लेख करायचाच असेल, तर निवेदकाच्या तोंडी नको. मुलाच्या फोनवरच्या बोलण्यात 'अण्णा, तुम्हाला एकटं वाटतं का?' येऊ द्या, आणि उत्तरात 'छे, जातो की रोज गंगेवर.'