सार्वभौम: पाणिनीचं पुढचं सूत्र

विचारणा अशी आहे: ऑस्ट्रेलियातल्या मुरावारी या मूलनिवासी लोकांनी २०१३मध्ये स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं, त्याला 'स्वायत्तता' म्हणायचं की 'सार्वभौमत्व'?

सार्वभौमत्व. स्वायत्तता वरचा कुणीतरी देतो आणि तोच ती काढूनही घेतो. 'मूलनिवासींची स्वायत्ततेची मागणी' असं वाचलं की संताप येतो. मुरावारींनी मागितला तो फक्त कागद. आमच्या पूर्वजांनी सत्ता सोडल्याचा करार असेल तर २८ दिवसांत दाखवा, असं पत्र त्यांनी राणी एलिझाबेथला धाडलं. उत्तर आलं नाही, तेव्हा आमची सत्ता अखंड आहे असं त्यांनी जाहीर केलं.

आता शब्दाकडे. 'सार्वभौम' म्हणजे सर्व भूमीचा धनी, एवढं सांगून लोक थांबतात, फार तर पाणिनीचं 'तस्येश्वरः' (त्याचा धनी, ५.१.४२) पुढे करतात. अहो, पुढचंच सूत्र वाचा की! 'तत्र विदित इति च.' त्या भूमीवर जो विदित, ओळखीचा, तोही सार्वभौम. पाणिनीच्या मनात राजांची कीर्ती असेल, पण शब्दात जागा त्याहून मोठी आहे. २०१७च्या उलुरू निवेदनात ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींनी सार्वभौमत्व म्हणजे काय ते सांगितलंय: भूमीशी पूर्वापार नातं. माणूस तिच्यातून जन्मतो, तिला बांधलेला राहतो, एक दिवस तिच्यातच परततो. यात धनीपण दुय्यम आहे, ओळख पहिली. 'विदित'चा अर्थ इतका चपखल बसलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

काही जाणकार 'प्रभुसत्ता' सुचवतात. मला साफ अमान्य. हिंदीच्या वळणाचा तो शब्द, त्यात भूमीचा मागमूस नाही. आपल्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत 'सार्वभौम'च आहे. आणि हा सगळा झगडाच भूमीचा. जानेवारी १९७२मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मॅकमहन यांनी मूलनिवासींना जमिनीचा हक्क नाकारून भाडेपट्टे देऊ केले, तेव्हा चार तरुणांनी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावर वापरतात तसली छत्री रोवली आणि तिला मूलनिवासींची वकिलात म्हटलं. आपल्याच भूमीवर परक्यासारखं वागवलं जातं, म्हणून वकिलात! 'दूतावास' लिहिणाऱ्यांनी आपला हा जुना शब्द का टाकला, कळत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मूलनिवासींच्या जमिनीबद्दलच्या १९९२च्या माबो निकालाबद्दलही 'सार्वभौमत्व मिळालं' असं छापून येतं. ते चूक आहे. ही भूमी कुणाचीच नव्हती, ही कल्पना न्यायालयानं मोडीत काढली आणि जमिनीवरचा हक्क मानला. ब्रिटिश राजसत्तेच्या सार्वभौमत्वाला मात्र देशातल्या न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असंच म्हटलं.