झोनमध्ये दिलेला अर्ज म्हणजे नोटीस नव्हे

प्रश्न: २१ जुलैला संध्याकाळी शिकवण्या आटोपून मोपेडने घरी येत होते. पाऊस सुरू होता, वस्तीच्या तोंडाशी लाइट बंद होते. पट्टे न मारलेला स्पीड ब्रेकर ऐनवेळी दिसला, म्हणून गाडी कडेने घेतली आणि पाइपसाठी खोदून अर्धवट बुजवलेल्या गड्ड्यात चाक गेलं. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली, दोन महिने शिकवण्या बंद राहिल्या. दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली, आठवड्याभरात 'निराकरण झाले' असा मेसेज आला. ऑगस्टमध्ये महापालिकेच्या झोन (विभागीय) ऑफिसात अर्ज दिला. माजी नगरसेवकांनाही भेटलो. ऑक्टोबरमध्ये इंजिनिअर साहेब म्हणाले, फाइल वर गेली आहे. आता भरपाई कोणाकडे मागायची? पोलिसांत तक्रार करावी का? आणि तो स्पीड ब्रेकर काढायला कोणाला सांगायचं?
– एक वाचक भगिनी, दक्षिण नागपूर

उत्तर:

ताई, रस्ता नीट ठेवणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे की नाही, यात तुमचा वेळ घालवत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ने ते बंधनकारक केले आहे. चांगला रस्ता हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हेही मुंबई उच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात सांगितले आहे. तुमचे प्रकरण त्यावर अडणार नाही. अडेल ते याच अधिनियमाच्या कलम ४८७वर.

कलम ४८७ दोन गोष्टी मागते. पहिली, महापालिकेवर दावा लावण्याआधी तिला लेखी नोटीस द्यायची आणि त्यानंतर पूर्ण एक महिना थांबायचे. दुसरी, दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. तुमचे कारण २१ जुलैला घडले, म्हणजे सहा महिने २१ जानेवारीला संपतात. आज ११ डिसेंबर २०२५ आहे. तुमची नोटीस अजून गेलेलीच नाही.

तुम्ही म्हणाल, ऑगस्टमध्ये अर्ज दिला होता ना. अर्जाची जी प्रत तुम्ही पाठवली आहे, तिच्यात "रस्ता दुरुस्त करून मिळावा व योग्य ती मदत व्हावी" एवढेच लिहिले आहे. दावा लावणार असल्याचा उल्लेख नाही, अपघाताची वेळ नाही, रक्कम नाही. मुख्य म्हणजे ती प्रत झोन कार्यालयात दिलेली आहे. महापालिकेला द्यायची नोटीस तिच्या मुख्य कार्यालयात पोचवावी, असे कलमाचेच शब्द आहेत. हा अर्ज म्हणजे नोटीसच होती, असा युक्तिवाद मी कोर्टात करीन, पण तो फक्त दुसरा मार्ग उरला नसेल तर. तुमच्यासाठी मार्ग अजून उघडा आहे.

दर पावसाळ्यानंतर अशी पत्रे येतात आणि सगळ्यांत हेच घडलेले असते. माणूस ॲपवर तक्रार टाकतो, झोनला चकरा मारतो, नगरसेवकाच्या शब्दावर थांबतो. फाइल वर गेली म्हटले की दिवाळीपर्यंत धीर धरतो. या प्रत्येक पायरीवर मुदत कमी होत जाते आणि समोरच्या टेबलावरचा एकही माणूस ते सांगत नाही. तुमच्यावर राग नाही, ताई. हात प्लास्टरमध्ये असताना कायद्याची पुस्तके कोण उघडणार? पण मिस्टर सहकारी बँकेत नोकरीला आहेत असे तुम्ही लिहिले आहे. कागद आणि मुदत म्हणजे काय, हे त्यांना रोज दिसते. एका वकिलाला ऑगस्टमध्येच अर्धा तास विचारले असते, तर आज ही धावपळ झाली नसती.

"अशा दाव्याला तीन वर्षे असतात" हेही अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते चुकीचे आहे. एखाद्या कायद्याखाली केलेल्या किंवा न केलेल्या कृत्याबद्दल भरपाई मागायची, तर मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ७२प्रमाणे एकच वर्ष मिळते. महापालिकेच्या बाबतीत तर विशेष कायद्याचे सहा महिनेच धरून चालायचे. शिवाय उशीर माफ करा असा अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. मुदत गेली की न्यायाधीशांना तुमची कितीही दया आली तरी त्यांचे हात बांधलेले असतात.

आता तारखांचा हिशेब. सोमवार, १५ डिसेंबरला नोटीस महापालिकेच्या सिव्हिल लाइन्समधल्या मुख्यालयात पोचली पाहिजे. महिना १५ जानेवारीला पुरा होतो, १६ जानेवारीला दावा दाखल करता येतो आणि २१ तारखेपर्यंत मोजके कामाचे दिवस हातात राहतात. मुदत अधिनियमाच्या कलम १५(२)प्रमाणे नोटिशीचा महिना मुदतीतून वगळता येतो, हे तुमचे वकील तुम्हाला सांगतील, आणि ते बरोबरही आहे. तरी तो महिना संकटासाठी राखून ठेवा. २१ जानेवारीच्या आत दाखल झालेल्या दाव्यावर मुदतीचा मुद्दा काढायला महापालिकेच्या वकिलाला जागाच उरत नाही. नंतर दाखल केलात, तर पहिली दोन वर्षे त्याच वादात जातील. नोटीस स्वतः नेऊन द्या, आवक-जावकमध्ये तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तीच नोटीस स्पीड पोस्टने पोचपावतीसह आयुक्तांच्या नावेही पाठवा. पण भरवसा शिक्क्यावर ठेवा, पोस्टावर नको.

नोटिशीत काय लिहायचे, हा भाग सर्वात जपण्याचा. नोटिशीत दाव्याचे जे कारण सांगितलेले नाही, त्याबद्दल पुरावा देऊ दिला जाणार नाही, असे याच कलमात पुढे म्हटले आहे. तुम्ही नुसते "खड्ड्यात पडले" असे लिहिलेत आणि कोर्टात स्पीड ब्रेकरचा विषय काढलात, तर समोरचा वकील लगेच उठेल. तुमच्या पत्रात खड्डा हे एकच कारण नाही. पट्टे नसलेला गतिरोधक होता, त्याच्या आधी सूचनाफलक नव्हता, पथदिवे बंद होते, खोदलेला चर नीट बुजवलेला नव्हता आणि भोवती बॅरिकेड नव्हते. पाचही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहा. ठिकाण अचूक लिहा: कोणत्या चौकातून कोणत्या दिशेने, कोणत्या दुकानासमोर. तुमचे नाव, राहण्याचा पत्ता आणि वकील असेल तर त्याचे नाव ही कलमाचीच अट आहे. ऑपरेशनचा खर्च, फिजिओथेरपी, बुडालेल्या शिकवण्या, वेदनेबद्दलची भरपाई, यांचे आकडे वेगवेगळे द्या. आणि कोणाकडून जुना टाइप केलेला नमुना घेऊन त्यात नाव बदलू नका. नागपूरला २०१२पर्यंत १९४८चा स्वतंत्र महापालिका कायदा लागू होता. त्याची कलमे असलेला नमुना आज निरुपयोगी आहे.

दुसरा अडसर या शहरातला जुनाच आहे. हा रस्ता कोणाचा? नागपुरात एकाच वस्तीत एक गल्ली महापालिकेची, पुढची नागपूर सुधार प्रन्यासची आणि कोपऱ्यावरचा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा निघतो. गुंठेवारीतल्या ले-आऊटमध्ये तर महापालिका प्रन्यासकडे बोट दाखवते आणि प्रन्यास महापालिकेकडे. शहराच्या दक्षिण टोकाला बेसा-पिपळा नगरपंचायतीची हद्दही लागते, आणि तिला १९६५चा वेगळा कायदा लागू आहे. माहिती अधिकारात रस्त्याची मालकी, खोदकामाची परवानगी, कार्यादेश, कंत्राटदाराचे नाव आणि डिफेक्ट लायबिलिटी पिरियड (काम बिघडल्यास कंत्राटदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत) विचारा, पण उत्तराची वाट पाहत नोटीस थांबवू नका. माहिती द्यायलाच कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत, तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत. शंका असेल त्या प्रत्येक संस्थेला एकाच दिवशी नोटीस द्या, कंत्राटदाराचे नाव कळले तर त्यालाही. रस्ता राज्य सरकारचा निघाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणून ती आजच गेलेली बरी. जास्तीच्या नोटिशीने काही बिघडत नाही. चुकीच्या एकाच संस्थेला दिलेल्या नोटिशीने मात्र सगळे बुडते.

तो चर आता बुजवला असेल. अधिवेशनाच्या तोंडावर शहरभर डांबर पडते आणि त्याखाली पुरावेही जातात. मिस्टरांनी तक्रारीसोबत ॲपवर टाकलेला फोटो आणि 'निराकरण झाले' हा मेसेज म्हणूनच मोलाचा आहे. तिथे दोष होता हे महापालिकेने स्वतःच मान्य केल्याचे तो मेसेज दाखवतो. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पहिले उपचार झाले असतील तर तिथल्या अपघात विभागातली नोंद मागवा. पडल्यावर उचलायला धावलेल्या शेजारच्या दुकानदाराचा जबाब आत्ताच लिहून ठेवा. त्या वेळी हेल्मेट होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसेल तर वकिलाला आधीच सांगा. मनगटाच्या फ्रॅक्चरशी त्याचा संबंध जोडणे कठीण आहे, पण उलटतपासणीत तो प्रश्न येणारच.

दाव्याशिवायचा एक रस्ता या ऑक्टोबरात उघडला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने १३ ऑक्टोबर २०२५ला खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी भरपाई ठरवून दिली. मृत्यूसाठी ६ लाख रुपये, जखमांसाठी गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने दावा ऐकायचा आणि सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. या समितीकडे अर्ज जरूर करा. तुमचा अपघात आदेशाआधीचा आहे, अशी हरकत येऊ शकते. ती टिकेल की नाही, यावर मी पैज लावणार नाही. पण समितीकडे अर्ज दिला म्हणून कलम ४८७ची मुदत थांबत नाही. ऑगस्टच्या अर्जावर विसंबलात तसे या अर्जावर विसंबू नका.

समितीने रक्कम देऊ केली आणि ती कमी वाटली, तर रागाने परत पाठवू नका. दाव्याआधीच पुरेशी भरपाई देऊ केली होती असे ठरले, तर दावा फेटाळला जातो, हेही त्याच कलमात आहे. रक्कम घ्या, पावतीवर "उर्वरित हक्क राखून" असे लिहा, आणि "पूर्ण व अंतिम" असे शब्द असलेल्या कागदावर सही करू नका.

पोलिसांकडे जायचे असेल तर जा. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५खाली होतो, पण अभियंत्यावर तो नोंदवून घ्यायला ठाण्यात अडचणी येतील. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९८-अ रस्त्याच्या देखभालीत कसूर करणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड सांगते. मात्र ते मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच, आणि दंडही सरकारी निधीत जातो, तुमच्या हातात काही पडत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणाचा उपयोग तुम्हाला फारसा दिसत नाही, कारण समोर दुसरे वाहनच नव्हते.

स्पीड ब्रेकरबद्दल वाहतूक पोलीस उपायुक्त आणि महापालिका आयुक्त या दोघांना एकच पत्र द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, त्यावर पट्टे आणि आधी फलक लागतो. तुमच्या इथला टेप लावून मोजा, शेजारी दोन माणसे उभी करून फोटो काढा. आणि हे सगळे तो उखडला जाण्याआधी करा, कारण दाव्यात तोही पुरावा आहे.

दावा दाखल झाल्यावर काय, हे मी गोड करून सांगणार नाही. आपल्या दिवाणी न्यायालयात तारखांवर तारखा पडतील, महापालिका लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यायलाच महिने घेईल आणि निकाल यायला वर्षे लागतील. जखमी नागरिकाला सहा महिन्यांत उभे राहायला सांगायचे आणि न्याय द्यायला स्वतःवर कोणतीच मुदत घालून घ्यायची नाही, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. कलम ४८७ बदलले पाहिजे, हे मी वकिली व्यासपीठांवर सांगत आलो आहे. ते बदलेपर्यंत मात्र तुम्हाला त्याच्या आतच लढायचे आहे.

ज्यांचा अपघात जूनमध्ये झाला आणि ज्यांनी अजून नोटीस दिलेली नाही, त्यांनी उद्या सकाळी तारीख मोजावी. सहा महिने पूर्ण व्हायचे असतील, तर नोटीस त्याच दिवशी द्यावी. तिथे कलम १५(२)चा महिनाच आधार आहे.

वकिलाची फी परवडत नाही असे तुम्ही लिहिले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात उद्या, शुक्रवारीच जा. आधार कार्ड, हॉस्पिटलची बिले, डिस्चार्ज कार्ड, ॲपवरच्या तक्रारीची प्रिंट आणि ऑगस्टच्या अर्जाची शिक्क्याची प्रत सोबत न्या. झेरॉक्स द्या, मूळ कागद आणि एक्स-रेची फिल्म घरी ठेवा. आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा: महापालिकेला नोटीस देण्याची तारीख १५ डिसेंबर.