बल्क इन्सर्ट, एरर कोड ५ आणि "आमच्याकडून तर फाइल उघडतेय"

तुम्ही लिहिलंय की अझूर ब्लॉब स्टोरेजमधली (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर फाइली साठवायची जागा) सीएसव्ही फाइल अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये घ्यायची आहे. बल्क इन्सर्ट (फाइलमधल्या ओळी एकदम टेबलात भरणारी आज्ञा) चालवलं की फाइल उघडता आली नाही, ऑपरेटिंग सिस्टिम एरर कोड ५, ॲक्सेस इज डिनाइड, एवढंच येतं. आणि स्टोरेज सांभाळणारी टीम "टोकन बरोबर आहे, आमच्याकडून तर फाइल उघडतेय" असं लिहून तिकीट बंद करते (टोकन म्हणजे फाइल वाचायची मुदतीची परवानगी देणारा सांकेतिक मजकूर). ते वाक्य वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. आमचं अख्खं मायग्रेशन याच एका वाक्यावर अडून राहिलं होतं.

क्रेडेन्शियल (डेटाबेसमध्ये ठेवलेलं प्रवेशाचं गुपित) आणि एक्स्टर्नल डेटा सोर्स (फाइल कुठे आहे त्याची नोंद) तुम्ही बनवलेत, म्हणून ते सांगत बसत नाही. फक्त टोकनच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह राहिलंय का ते बघा. ब्राउझरच्या पत्त्यात ते लागतं, क्रेडेन्शियलच्या सीक्रेटमध्ये चालत नाही. डेटा सोर्समधल्या लोकेशनच्या (पत्त्याच्या) शेवटी तिरकी रेघ नको. टोकनच्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, स्थानिक वेळ यूटीसी समजून टाकली गेली तर टोकन अजून सुरूच झालेलं नसतं. सुरुवातीची वेळ मुळात देऊच नये, द्यायचीच असेल तर निदान १५ मिनिटं मागची द्यावी. यातलं काहीही चुकलं तरी बहुतेक वेळा हाच कोड ५ येतो, मेसेजवरून काहीही कळत नाही.

पण तुमच्याकडे घोडं इथे अडलंय असं मला वाटत नाही. मला स्टोरेज अकाउंटच्या फायरवॉलचा संशय आहे.

आमच्याकडे स्टोरेज एका मध्यवर्ती विभागाच्या ताब्यात होतं. त्यांनी अकाउंट ठरावीक नेटवर्कपुरतं उघडं ठेवलेलं. ऑफिसचा आयपी त्या यादीत होता. त्यामुळे त्यांच्या लॅपटॉपवर तीच लिंक टाकली की फाइल उतरायची, आणि तेवढ्यावर ते "टोकन तपासलं, ठीक आहे" म्हणून मोकळे व्हायचे. अहो, पण फाइल लॅपटॉप वाचणार नव्हता. ती मागणी डेटाबेस इंजिनाकडून जाते, आणि ते इंजिन त्या यादीत कुठेच नव्हतं. प्रत्येक तिकिटावर आम्हाला नवं टोकन मिळायचं, जुन्याइतकंच बरोबर आणि तितकंच निरुपयोगी. खापर मात्र आमच्या क्वेरीवर. मला आजही त्याची चीड येते. कारण अकाउंटचं नेटवर्किंगचं पान उघडून बघायला त्यांना फार वेळ लागणार नव्हता, आणि ते पान बघायचा अधिकार फक्त त्यांच्याकडे होता.

म्हणून तिकिटात "परवानगी तपासा" असं लिहूच नका, "तपासली" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: अमुक वेळेला (यूटीसीमध्ये) आम्ही बल्क इन्सर्ट चालवलं, स्टोरेजच्या डायग्नोस्टिक लॉगमध्ये त्या वेळची वाचनाची नोंद दाखवा, मागणी कुठल्या आयपीवरून आली आणि स्टेटस कोड काय गेला ते सांगा. हे लॉग आधीपासून चालू नसतील तर आधी चालू करायला सांगा, मागच्या नोंदी मिळत नाहीत. ४०३ आणि ओळखीचा नसलेला आयपी समोर आला की वादच संपतो.

मग ते म्हणतील, "तो आयपी यादीत घालतो." त्यावर थांबू नका. डेटाबेस आणि स्टोरेज अझूरच्या एकाच रीजनमध्ये (भौगोलिक विभागात) असतील तर आयपीच्या नियमांचा त्या मागणीवर परिणामच होत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या फायरवॉलमधली "अझूर सेवांना परवानगी" ही खूणही इथे कामाची नाही, ती सर्व्हरमध्ये येणाऱ्यांसाठी आहे.

माझं स्पष्ट मत: फायरवॉल असेल तर टोकनचा नाद सोडा आणि मॅनेज्ड आयडेंटिटी (अझूरच सांभाळतं अशी सर्व्हरची स्वतःची ओळख) वापरा. एसक्यूएल सर्व्हरची आयडेंटिटी चालू करायची, तिला ब्लॉबमधला डेटा वाचण्याचा रोल द्यायचा, स्टोरेजवर विश्वासातल्या मायक्रोसॉफ्ट सेवांची सवलत चालू ठेवायची आणि क्रेडेन्शियल त्या आयडेंटिटीवर बनवायचं. रोल लागू व्हायला काही मिनिटं जातात, लगेच चाललं नाही म्हणून सगळं उलटवू नका. आणि नुसता अकाउंटचा ओनर रोल दिला म्हणजे ब्लॉब वाचता येतो असं नाही, डेटाचा रोल वेगळा असतो. तुमच्याकडे प्रायव्हेट एंडपॉइंट (स्टोरेजकडे जाणारी खासगी नेटवर्कची वाट) वगैरे असेल तर गणित वेगळं, त्यावर मी छातीठोकपणे बोलणार नाही.

फाइल उघडली की पुढची डोकेदुखी ओळींची. लिनक्सवर बनलेली फाइल असेल तर रो टर्मिनेटर (ओळ संपल्याची खूण) हेक्समध्ये, झीरो-एक्स-झीरो-ए असा द्या. बॅकस्लॅश-एन दिलं तर इंजिन त्याच्या आधी कॅरेज रिटर्नही (विंडोजच्या फाइलींत ओळीच्या शेवटी असणारी जादा खूण) शोधत बसतं. मजकूर देवनागरीत असेल तर कोडपेज ६५००१ (यूटीएफ-८) आणि कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार). कमाल चुकांची मर्यादा न सांगता १० असते, म्हणजे काही वाईट ओळी गुपचूप गळूनही लोड यशस्वी दिसू शकतो. मी ती शून्य ठेवतो आणि सगळं आधी मजकुराच्या कॉलमांच्या स्टेजिंग (मधल्या, तात्पुरत्या) टेबलात घेतो, तारखा-आकडे नंतर ट्राय-कन्व्हर्टने (रूपांतर जमलं नाही तर चूक न देता नल देणारं फंक्शन). थेट मूळ टेबलात ओतणाऱ्यांनी एवढं बघावं की चेक आणि फॉरेन की (टेबलावरचे डेटाचे नियम) तपासल्याच जात नाहीत, ट्रिगरही (ओळ भरली की आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत, ते वेगळं सांगावं लागतं.

वेगाचं म्हणाल तर अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये रिकव्हरी मॉडेल (बदलांची नोंद किती ठेवायची ते ठरवणारी सेटिंग) कायम फुल असतं, त्यामुळे टॅबलॉक (अख्खं टेबल लॉक करणारा पर्याय) लावून लॉग कमी होईल ही आशा नको. लॉग रेट गव्हर्नरचे वेट (लॉग लिहिण्याच्या वेगावरच्या मर्यादेमुळे थांबणं) दिसले तर लोडपुरता वरचा टियर घ्या, क्वेरी उगाच घासत बसू नका.

आणि हे आत्ताच करा: तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये टोकनचा सहीचा भाग अर्धवट दिसतोय. चित्र काढून टाका आणि त्या विभागाला अकाउंटची की बदलायला सांगा. ॲक्सेस पॉलिसीशिवाय (स्टोरेजवर साठवलेल्या, नंतर रद्द करता येणाऱ्या नियमाशिवाय) अकाउंट कीने दिलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायला दुसरा मार्ग नाही.