डाकोटाला पत्र्याची चमक देताना

प्लास्टिकचं पहिलंच मॉडेल विमान जोडत असाल तर १/७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, डाकोटा (जुनं दोन इंजिनांचं मालवाहू विमान) घ्या. शेपटीवर बसतो, त्यामुळे नाकात वजन भरायची भानगड नाही. खरी मेहनत सांध्यांवर. धातूचा रंग काही झाकत नाही, उलट बारीक ओरखडाही चव्हाट्यावर आणतो. पुट्टी वाळली की ६००, १०००, शेवटी २००० चा पॉलिश पेपर, पाणी लावूनच. मग खालचा थर म्हणून चकचकीत काळा रंग. चाकाच्या कप्प्यात नखाने दाबून बघा. ठसा उमटला तर अजून थांबा.

तो पूर्ण वाळला की आल्क्लॅड (धातूसारखा चमकणारा लॅकर रंग) एअरब्रशने १२-१५ पीएसआय दाबावर, ५-७ सेंटिमीटरवरून, अगदी पातळ हात देत मारा. जाड थर दिलात की चमक गेलीच.

रत्नागिरी-मालवणकडे खरा वैरी दमट हवा. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ होतो. म्हणून पावसाळ्यात घासकाम उरका, रंग हिवाळ्यात, दुपारच्या कोरड्या हवेत. एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी बाटली, हवाच.

खऱ्या डाकोटावर रडर, एलिव्हेटर (शेपटीवरचे हलणारे भाग) आणि एलेरॉन (पंखांच्या टोकांकडचे) कापडी होते, तिथे मंद अ‍ॅल्युमिनियम रंग द्या. पंखांखाली उघडणारे फ्लॅप मात्र पत्र्याचेच. मास्किंग टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून काढा, नाहीतर चमक टेपबरोबर सोलून येते.