जपानच्या सम्राटांची वंशावळ खरंच २६०० वर्षं अखंड आहे का?

जपानचं राजघराणं २६०० वर्षं अखंड चालत आलं, असं सांगितलं जातं. त्यावरचा प्रश्न दुहेरी आहे: या वंशावळीत खरं किती, आणि दंतकथेवर देशाची एकी कशी उभी राहिली.

आधी तारीख. सूर्यदेवी आमातेरासूचा वंशज आणि पहिला सम्राट जिम्मू इ.स.पू. ६६० मध्ये गादीवर बसला, असं 'निहोन शोकी' हा जपानचा जुना इतिहासग्रंथ सांगतो. हा ग्रंथ पूर्ण झाला इ.स. ७२० मध्ये, म्हणजे जवळजवळ १४०० वर्षांनी. मग ६६० आलं कुठून? आपल्याकडे प्रभव-विभव अशी ६० संवत्सरांची फेरी आहे, तशीच चीनकडेही आहे. अशा २१ फेऱ्यांनी, म्हणजे १२६० वर्षांनी, मोठं राज्यपरिवर्तन होतं असं तिथलं एक मत होतं. इ.स. ६०१ पासून १२६० वर्षं मागे मोजा (शून्य साल नसतं हे लक्षात ठेवून), नेमकं इ.स.पू. ६६० येतं. हा उलगडा इतिहासकार नाका मिचियो यांनी केला. एवढा काळ भरायला राजे पुरेनात, म्हणून आयुष्यं ताणली गेली. जिम्मूला १२७ वर्षं दिली आहेत. दुसऱ्यापासून नवव्यापर्यंतच्या सम्राटांची तर नावं, नाती आणि थडगी सोडली तर फारसं काहीच लिहिलेलं नाही.

भक्कम पुरावा मिळतो तो एका गंजलेल्या तलवारीवर. सायतामातल्या इनारियामा या थडग्याच्या टेकाडात ती १९६८ मध्ये सापडली. १९७८ मध्ये क्ष-किरणांखाली धरल्यावर गंजाआड सोन्यात जडवलेली ११५ अक्षरं दिसली. त्यात 'वाकाताकेरू' या महाराजाचं नाव आहे. हाच एकविसावा सम्राट युर्याकू, आणि साल बहुतेकांच्या मते इ.स. ४७१. दूर दक्षिणेला क्युशूतल्या एता-फुनायामाच्या तलवारीवरची पुसट अक्षरंही आता बहुतेक अभ्यासक याच नावाची मानतात. म्हणजे पाचव्या शतकात यामातोच्या, म्हणजे या घराण्याच्या प्राचीन राज्याच्या, राजाचं नाव देशाच्या दोन टोकांना चालत होतं. पदवी मात्र 'ओकिमी', म्हणजे महाराजा. 'तेन्नो', म्हणजे सम्राट, हा शब्द नंतरचा. सहाव्या शतकापासून वंश सलग धरता येतो. २६०० नव्हे, पण साधारण १५०० वर्षं, आणि राज्यावर असलेलं याहून जुनं राजघराणं जगात दुसरं नाही.

आता एकी. ६७२ च्या यादवीत जिंकलेल्या तेन्मू सम्राटाने घराण्यांच्या जुन्या वृत्तांतांची छाननी करायला लावली. त्यातून पुढे ७१२ मध्ये 'कोजिकी' हा देवकथा आणि राजवंशाचा ग्रंथ तयार झाला. यातली खुबी बघा: हरलेल्यांचे देव पुसले नाहीत, नात्यात बसवले. इझुमो प्रांताचा देव ओकुनिनुशी आपली भूमी स्वखुशीने सूर्यदेवीच्या वंशाला देतो आणि त्याबदल्यात त्याला भव्य देऊळ मिळतं. नाकातोमी या दरबारी घराण्याचा मूळपुरुष सूर्यदेवीच्या नातवाबरोबर स्वर्गातून उतरतो. ज्याचा त्याचा मान कथेतच ठरला, म्हणून ती कथा टिकवण्यात सगळ्यांचाच फायदा होता.

पण कथेने भांडणं थांबवली नाहीत. १३३६ ते १३९२ दोन दरबार आणि दोन सम्राट होते. आज दिसणारी कडक 'एक देश, एक वंश' ही मांडणी मेइजी काळातली (१८६८ ते १९१२): जिम्मू गादीवर बसल्याचा दिवस म्हणून ११ फेब्रुवारीची सुट्टी १८७३ मध्ये ठरली, आणि त्याच तारखेला १८८९ मध्ये जाहीर झालेली राज्यघटना. १९४० म्हणजे जिम्मूपासून मोजलेलं शाही साल २६००. लढाऊ विमान 'झीरो'चं नाव त्या सालाच्या शेवटच्या शून्यावरून पडलं.

१९४७ च्या घटनेत सम्राट राष्ट्राचं आणि जनतेच्या एकीचं प्रतीक उरला, सत्ता गेली. जुनी सुट्टी १९४८ मध्ये रद्द झाली आणि १९६७ पासून परत पाळली जाऊ लागली. मात्र कायद्यात तारीख घातली नाही, ती सरकारी आदेशाने ठरली. नावातही एक 'नो' (आपला 'चा') घातला, म्हणजे 'देश स्थापन झाला तो दिवस' असा अर्थ न होता 'देशाच्या स्थापनेचं स्मरण करण्याचा दिवस' असा होतो.